आखाड्यांतील भयानक रस

भयाची गोडी ही मनुष्यस्वभावांतील एक चमत्कारिक गोष्ट आहे. जें खरोखर समोर आलें असतां मनुष्य जीव घेऊन पळत सुटेल, तेंच रंगभूमीवर किंवा गोष्टींत भेटणार असेल तर तो पदरचे पैसे मोडून त्याच्या दर्शनास जातो. नाट्यशास्त्रानें भयानकास आठ रसांत स्थान दिलें, त्याचा वर्ण काळा व त्याची देवता काल असें सांगितलें. म्हणजे हें कोडें आपल्या पूर्वजांसही पडलें होतें. भय हा मनाचा भाव खरा. परंतु तें आपणांस बाधणार नाहीं अशी खात्री पटली कीं त्याचा रस होतो, आणि ही खात्री देणारी वस्तु म्हणजे सोंग. सोंग हें सोंगच आहे हें दाखविणारा व पाहणारा दोघेही जाणत असतील, तर भयाचा हा व्यवहार निर्दोष म्हणतां येईल. पण ज्याच्या अंगावर सोंग चढविलें त्याला तें उतरवितां येत नसेल तर? किंवा पाहणाऱ्यास तें सोंग आहे असें वाटतच नसेल तर? अमेरिकेंतील धंदेवाईक कुस्तीच्या आखाड्यांत भीतिदायक पात्रांची जी परंपरा चालत आली, तिच्या इतिहासांत हे दोन प्रश्न पदोपदीं उभे राहतात. त्या इतिहासाकडे या दृष्टीनें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कोल्हापुरास खासबागेच्या मैदानांत तांबड्या मातीवरची कुस्ती पाहिलेल्या वाचकास ‘धंदेवाईक कुस्ती’ हे शब्द फसवितील, म्हणून प्रारंभीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. आपल्याकडील कुस्तींत कोण चीत होणार हें दोघां मल्लांसही ठाऊक नसतें; या कुस्तींत तें दोघांसही आधींपासून ठाऊक असतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फिरत्या जत्रांच्या तंबूंतून ती वाढली. खरी झुंज तासन्‌तास रेंगाळे आणि प्रेक्षक कंटाळत. तेव्हां निकाल आधीं ठरवून झुंज रंगविण्याची युक्ति धंद्यांतील चतुर लोकांनीं काढली. हें गुपित राखण्याच्या रिवाजास ते ‘केफेब’ म्हणत. आखाड्यांतील वैऱ्यांनीं बाहेरही एकत्र दिसूं नये, इतका हा रिवाज कडक होता. अखेर १९८९ सालीं वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या बलाढ्य संस्थेनेंच न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढें आपला खेळ ही स्पर्धा नसून करमणूक आहे असें सांगून टाकलें. कारण स्पर्धा म्हटली कीं सरकारी देखरेख आणि तिचा खर्च मागें लागे. थोडक्यांत, ही कुस्ती म्हणजे उघड्या अंगानें खेळलेलें नाटक होय. रोलां बार्त या फ्रेंच टीकाकारानें १९५७ च्या आपल्या ‘मिथॉलॉजीज’ या निबंधसंग्रहांत पहिला निबंध या कुस्तीवरच लिहिला आणि तिचें नातें प्राचीन ग्रीक नाट्याशीं जोडलें. मात्र नाटक म्हटलें तरी यांतील आपटणें सर्वस्वीं खोटें नसतें. निकाल ठरलेला असला तरी हाडें खरींच मोडतात.

या नाटकांतील भयाचें पहिलें मोठें पात्र १९४० सालीं बोस्टन शहरांत अवतरलें. त्याचें नांव मॉरीस तिये. त्याचा जन्म १९०३ सालीं रशियांत फ्रेंच आईबापांच्या पोटीं झाला व राज्यक्रांतीच्या सुमारास तें कुटुंब फ्रान्सला आलें. लहानपणीं त्याचा चेहरा इतका गोजिरा होता कीं घरांत त्याला ‘एंजल’ म्हणजे देवदूत म्हणत, असें सांगतात. पुढें विशीच्या सुमारास त्याचे हातपाय, डोकें आणि जबडा हीं सुजल्यासारखीं वाढूं लागलीं. मस्तकाच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा हा विकार. इंग्रजींत त्यास ॲक्रोमेगॅली म्हणतात. त्यांत वाढीचें वय संपल्यावरही हाडें जाड होत राहतात आणि मनुष्याचा मूळ चेहरा जणूं आंतून पुसला जातो. वकील होण्याची तियेची इच्छा होती, ती मनांतच राहिली. त्यानें फ्रेंच आरमारांत यंत्रविभागांत नोकरी केली. १९३७ सालीं सिंगापुरांत त्याची गांठ कार्ल पोजेलो या लिथुआनियन मल्लाशीं पडली, आणि त्याच्या सांगण्यावरून तिये कुस्तीकडे वळला.

दुसरें महायुद्ध पेटल्यावर हे दोघे अमेरिकेस गेले. बोस्टनचा व्यवस्थापक पॉल बाऊजर यानें तियेच्या चेहऱ्याचें मोल तत्काळ ओळखलें. आईनें कौतुकानें ठेवलेलें नांव आतां उपहासाचें झालें: ‘फ्रेंच एंजल’ म्हणून जाहिराती झळकल्या, आणि या कुरूप देवदूतास पाहण्यासाठीं नाट्यगृहें भरूं लागलीं. १९४० सालींच त्याला बोस्टनकडील जगज्जेतेपद देण्यांत आलें. मानवशास्त्रज्ञांनीं त्याचीं मापें घेतलीं. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्यें आदिमानवाच्या पुतळ्यांशेजारीं त्याला उभें करून छायाचित्रें काढलीं गेलीं. ज्याला अनेक भाषा येत होत्या आणि ज्याला न्यायालयांत युक्तिवाद करावयाचा होता, त्यानें आखाड्यांत गुरगुरावयाचें, एवढेंच त्याचें काम ठरलें. इतर नट प्रयोग संपल्यावर रंग पुसून घरीं जातात. तियेला पुसण्यासारखा रंगच नव्हता. आखाड्यांत त्याला पाहून किंकाळ्या फोडणारे लोक त्याच्या सोंगास भीत नव्हते, ते त्याच्या रोगास भीत होते. ४ सप्टेंबर १९५४ रोजीं शिकागो येथें पोजेलो वारला. ती वार्ता कळल्यावर त्याच दिवशीं तियेनेंही प्राण सोडला. एकाच लिथुआनियन दफनभूमींत दोघांनाही माती मिळाली. ज्यानें त्याला जगापुढें राक्षस म्हणून उभें केलें तोच त्याचा जिवलग होता, ही गोष्ट या धंद्याचा न्याय करूं पाहणाऱ्यानें विसरूं नये. तियेस नोकरी, पैसा आणि मैत्री हीं सारीं त्या चेहऱ्यामुळेंच मिळालीं. परंतु दुसऱ्या कोणत्या रीतीनें तीं त्याला मिळूं देण्याची समाजाची तयारी नव्हती, हेंही तितकेंच खरें.

तियेच्या यशानंतर देवदूतांचें पीकच आलें. स्वीडिश एंजल, पोलिश एंजल, आयरिश एंजल असे निरनिराळ्या देशांच्या नांवांचे मल्ल निघाले. त्यांपैकीं स्वीडिश एंजल म्हणून गाजलेल्या मल्लांत तोर जॉन्सन हा एक होता. डोक्याचा गोटा केलेला हा प्रचंड पुरुष पुढें स्वस्त भयपटांत शिरला. एड वुड या दिग्दर्शकाच्या ‘प्लॅन नाईन फ्रॉम आउटर स्पेस’ या १९५९ सालीं प्रदर्शित झालेल्या चित्रपटांत थडग्यांतून उठून चालूं लागणाऱ्या प्रेताचें काम त्यानेंच केलें. त्याच्या चेहऱ्याचा रबरी मुखवटा पुढें अमेरिकन मुलांच्या हॅलोवीन सणांत खूप खपला. आखाडा आणि भयपट यांची सोयरीक अशी जुळली, ती पुढें तुटली नाहीं.

रोगाच्या भयानंतर परक्याच्या भयाची पाळी आली. युद्धोत्तर अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर कुस्ती घरोघर पोंचली तेव्हां लोकांस जो कोणी अनोळखी, तोच आखाड्यांतील राक्षस ठरला. ‘शीक’ या नांवानें डेट्रॉइटचीं प्रेक्षागृहें गाजविणारा एड फरहात हा मिशिगनमध्यें जन्मलेला, लेबनॉनहून आलेल्या कुटुंबांतील मुलगा. महायुद्धांत तो अमेरिकेच्याच सैन्यांत होता. आखाड्यांत मात्र तो सिरियाचा वेडा धनिक म्हणून येई, शत्रूच्या कपाळांत अणकुचीदार वस्तु खुपसून रक्त काढी आणि हातांतून आगीचा लोळ फेंकी. चारचौघांत तो इंग्रजी बोलत नसे, कारण तोंड उघडलें असतें तर राक्षस मिशिगनचा निघाला असता! ‘अब्दुल्ला द बुचर’ हा सुदानचा नरपशु म्हणून मिरविला गेला. तो वस्तुतः कॅनडांतील विंडसरचा रहिवासी.

या सर्वांत विचार करावयास लावणारी कथा जेम्स हॅरिस याची आहे. मिसिसिपी राज्यांतील गरीब कृष्णवर्णीय कुळवाडी घराण्यांत १९५० सालीं त्याचा जन्म झाला. १९८२ सालीं मेम्फिस येथील जेरी लॉलर व जेरी जॅरेट यांनीं त्याच्यासाठीं ‘कमाला’ हें पात्र घडविलें: युगांडाच्या अरण्यांतील नरभक्षक, कमरेस चित्त्याच्या कातड्यासारखें वस्त्र, तोंडावर पांढरे-पिवळे पट्टे, पोटावर काढलेली चंद्राची कोर, अनवाणी पाय. हॅरिसनें उभ्या आखाड्यांत इंग्रजीचा एक शब्द उच्चारावयाचा नाहीं असा दंडक होता. त्याचा रंग प्रयोगानंतर पाण्यानें धुतां येत असे, आणि या दृष्टीनें तो तियेपेक्षां भाग्यवान्. पण तेवढा रंग धुतल्यावर खालीं जो उरे, त्या मिसिसिपींतल्या काळ्या माणसाकडेही तेथील समाज कित्येक पिढ्या त्याच नजरेनें पाहत आला होता. म्हणजे हें सोंग नवें नव्हतें. जुन्या द्वेषावर चढविलेला तो भडक रंग होता. पुढें हॅरिसनें मालवाहू गाड्या हांकून पोट भरलें, मधुमेहानें त्याचे दोन्ही पाय गेले आणि २०२० च्या ऑगस्टांत कोरोनाच्या सांथींत तो वारला.

याच काळांत दक्षिणेकडे मेक्सिकोंत मुखवट्याचा अर्थ अगदीं उलटा झाला होता, हें येथें सांगितलें पाहिजे. तेथील कुस्तींत मुखवटा ही मल्लाची अब्रू असते. पैज हरलेल्यास भर आखाड्यांत तो काढावा लागतो, आणि त्याहून मोठी मानहानि नाहीं. रुपेरी मुखवट्याचा ‘एल सांतो’ ऊर्फ रोदोल्फो गुस्मान हा तेथील लोकदैवतच बनला. त्याच्या चित्रपटांत रक्तपिपासु स्त्रिया, चालतीं प्रेतें आणि ममी हीं सारीं येत, आणि मुखवटेधारी सांतो त्यांचा फडशा पाडी. १९८४ सालीं मृत्यूच्या कांहीं दिवस आधीं त्यानें दूरचित्रवाणीवर क्षणभर मुखवटा वर केला. तेवढा क्षण सोडला तर चाळीस वर्षें लोकांनीं त्याचा चेहरा पाहिला नव्हता. त्याला मुखवट्यासह पुरण्यांत आलें. तियेला चेहरा लपवितां आला नाहीं, सांतोनें तो आपखुशीनें लपविला. दोघांच्या आयुष्यांतील सारें अंतर या ‘आपखुशी’ शब्दांत आहे.

असो. भयाचें तिसरें पर्व अमेरिकेंत २२ नोव्हेंबर १९९० रोजीं सुरू झालें. त्या रात्रीं हार्टफर्ड शहरांत काळी टोपी, काळा झगा आणि करड्या रंगाचे हातमोजे घातलेला एक पावणेसात फुटांहून उंच पुरुष संथ पावलें टाकीत आखाड्यांत आला. त्याचें नांव ‘अंडरटेकर’, म्हणजे प्रेतांच्या अंत्यविधीची व्यवस्था करणारा. हें सोंग घेणारा मार्क कॅलवे टेक्सासचा. या पात्राची सारी शक्ति त्याच्या मंदपणांत होती. बाकीचे मल्ल आरडाओरड करीत, हा बोलतच नसे. बाकीचे धांवत, हा चाले. आणि पाठीवर आपटला तर कण्हण्याऐवजीं कमरेंत ताठ होऊन एकदम उठून बसे. शोपँच्या शोकयात्रेच्या सुरांवर त्याचें आगमन होई. त्याच्याबरोबर हातांत अस्थिकलश घेऊन पॉल बेअरर नांवाचा पांढराफटक चेहऱ्याचा मनुष्य येई. गंमत अशी कीं, हें काम करणारा विल्यम मूडी खऱ्या आयुष्यांत परवानाधारक अंत्यविधिव्यवस्थापक होता व त्या विषयाचें त्यानें रीतसर शिक्षण घेतलें होतें. सोंगांत एवढें एक पात्र अस्सल होतें!

अंडरटेकर लोकांस इतका कां आवडला? प्रस्तुत लेखकाच्या मतें याचें कारण असें कीं, त्याच्या भयांत कोणाचाही अपमान नव्हता. तियेस भिणारा प्रेक्षक एका रोग्यास भीत होता, कमालास भिणारा एका वंशास; अंडरटेकरास भिणारा मात्र मृत्यूस भीत होता, आणि मृत्यु हा कोणाचा परका नव्हे. भयानकाचा वर्ण काळा व देवता काल, हें वचन या काळ्या झग्यानें नकळत खरें केलें. या दृष्टीनें १९९२ च्या नोव्हेंबरांत झालेली एक झुंज लक्षांत ठेवण्याजोगी आहे. प्रतिस्पर्ध्यास शवपेटींत घालून झांकण लावावयाचें, अशी तिची अट होती, आणि प्रतिस्पर्धी होता कमाला. पेटी पाहतांच हा ‘नरभक्षक’ थरथर कापे, डोळे पांढरे करी, असें त्याचें काम बसविलें होतें. जुन्या भयास नव्या भयानें पेटींत घातलें, असेंच त्या झुंजीकडे पाहून वाटतें. पण पेटींत जाण्याचें काम पुन्हां हॅरिसच्याच वांट्यास आलें, हेंही नजरेआड करतां येत नाहीं.

यशस्वी पात्राचा संसार वाढतो, तसा अंडरटेकराचाही वाढला. १९९७ सालीं त्याचा ‘भाऊ’ केन प्रकटला. लहानपणीं घरास लागलेल्या आगींत तो जळाला, म्हणून तांबड्या-काळ्या मुखवट्याआड राहतो, अशी त्याची कथा रचली होती. हें पात्र करणाऱ्या ग्लेन जेकब्स यानें त्यापूर्वीं एका दुष्ट दंतवैद्याचें सोंग घेतलें होतें. दांत काढणाऱ्याचें भय सर्वांस असूनही तें चाललें नाहीं. हाच जेकब्स २०१८ सालीं टेनेसी राज्यांतील नॉक्स परगण्याचा महापौर म्हणून निवडून आला आणि २०२२ सालीं पुन्हां निवडला गेला. सोंग उतरवितां येत असलें म्हणजे राक्षसास नगरकारभारही करतां येतो, याहून उत्तम दाखला कोणता? अंडरटेकर स्वतः २०२० पर्यंत आखाड्यांत राहिला. रेसलमेनिया या वार्षिक महोत्सवांत सलग एकवीस झुंजी त्याला जिंकविण्यांत आल्या. २०१४ सालीं बाविसाव्या वेळीं तो हरला, तेव्हां निकाल कोणीतरी लिहिलेला असतो हें पूर्णपणें जाणणारे सहस्रावधि प्रेक्षक खरोखरीच सुन्न झाले. मृत्यूही हरतो, हें त्यांस सोसवेना.

आपल्या देशाशीं या परंपरेचा संबंध वाटतो त्याहून जुना आहे. १९३३ च्या भयपटांतील महावानराचें ‘किंग काँग’ हें नांव घेतलेला एमिल चाया हा अगडबंब मल्ल १९५० च्या सुमारास दारासिंगाशीं झुंजला, आणि त्या झुंजींची कीर्ति महाराष्ट्रांतही घरोघर पसरली. पुढें १९९० नंतर केबल दूरचित्रवाणी आली आणि अंडरटेकर आपल्या वाड्यांत-चाळींत शिरला. मल्लांच्या चित्रांचे पत्ते घेऊन खेळणाऱ्या पोरांत त्याला सात जन्म आहेत अशी वदंता होती. १९९६ च्या ‘खिलाडियों का खिलाडी’ या हिंदी चित्रपटांत अक्षयकुमारानें अंडरटेकरास उचललेलें पाहून एका पिढीस धन्यता वाटली. वस्तुतः तो होता ब्रायन ली नांवाचा दुसरा मल्ल, ज्यानें १९९४ सालीं अमेरिकेंतही तोतया अंडरटेकराचें काम केलें होतें. आपल्या पानिपतोत्तर इतिहासांतील भाऊसाहेबांच्या तोतयाप्रमाणें या तोतयासही पुष्कळ भाविक मिळाले. खुद्द अक्षयकुमारानें २०२१ सालीं खुलासा केला तेव्हां कित्येकांचें बालपण एकदम वयांत आलें.

परंतु या संबंधाची खरी गांठ २००६ सालीं पडली. त्या वर्षीं एप्रिलांत ‘ग्रेट खली’ नांवाचा सात फुटी पुरुष आखाड्यांत उतरला आणि त्यानें थेट अंडरटेकरासच लोळविलें. हा हिमाचल प्रदेशांतील धिरैना गांवचा दलीपसिंग राणा. गरिबींत वाढलेला, मोलमजुरी केलेला, पुढें पंजाब पोलिसांत लागलेला. कालीमातेवरून त्याचें नांव योजलें होतें, आणि अरण्यांतून आलेला अचाट राक्षस असेंच त्याचें वर्णन तेथील निवेदक करीत. त्याच्या लांबट जबड्याचें कारण मात्र तेंच होतें, जें तियेच्या चेहऱ्याचें होतें. २०१२ सालीं त्याच्या पीयूषिका ग्रंथीवरील गांठ शस्त्रक्रियेनें काढण्यांत आली. सहासष्ट वर्षांनंतर आखाडा पुन्हां जेथून निघाला तेथेंच आला होता: तोच विकार, तीच परकेपणाची कथा, तोच टाळ्यांचा गजर. फरक एवढाच कीं, या वेळीं गजर करणाऱ्यांत आपणही होतों; आपला माणूस जगज्जेता झाला या अभिमानांत त्याला कोणत्या वेषांत उभें केलें आहे हें आपण पाहिलें नाहीं. खलीनें मात्र पुढें जालंधरला स्वतःची तालीम काढून आपल्या नांवाचा उपयोग आपल्या हिशेबानें केला, ही समाधानाची गोष्ट होय.

या परंपरेंतील अगदीं अलीकडचें मोठें नांव ब्रे वायट. त्याचें खरें नांव विंडहॅम रोटुंडा. आजा मल्ल, बाप मल्ल; बापानें एकेकाळीं आखाड्यांत कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याचें सोंग आणलें होतें, तेंही गृहस्थाश्रमी प्रेक्षकांस कमी भयानक नव्हतें! २०१९ सालीं ब्रे वायटनें ‘फीन्ड’ म्हणजे पिशाच हें रूप घेतलें. त्याचा मुखवटा भयपटांच्या रंगभूषेत नांवाजलेल्या टॉम सॅव्हिनीच्या कार्यशाळेंत तयार झाला होता. त्याच रूपाचा दुसरा भाग असा कीं, हाच मनुष्य मुलांच्या कार्यक्रमांतील हंसऱ्या काकासारखा बाहुल्यांशीं गोड गोड बोले, आणि त्या गोडपणाआडून पिशाच डोकावे. त्याचें भय रोगाचें नव्हे, परक्याचें नव्हे, केवळ मृत्यूचेंही नव्हे; आपल्याच आंत कोंडलेल्या जखमेचें होतें. तो येतांना प्रेक्षागृहांतील दिवे मालवीत, आणि त्या काळोखांत हजारों प्रेक्षक आपापल्या खिशांतील दूरध्वनियंत्रांचे दिवे वर धरीत. त्यांना तो आपले काजवे म्हणे. २४ ऑगस्ट २०२३ रोजीं अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं हृदयविकारानें तो गेला. दुसऱ्या दिवशींच्या प्रयोगांत त्याच्या स्मरणार्थ दिवे मालविले गेले, आणि ते काजवे पुन्हां चमकले. त्या वेळीं पिशाचास कोणी भीत नव्हतें. लोक एका माणसासाठीं रडत होते.

तियेपासून वायटपर्यंतच्या या प्रवासांत आखाडा सुधारला, असें सरळ म्हणतां येणार नाहीं. खलीचें उदाहरण त्याला आडवें येतें. परंतु एक गोष्ट या इतिहासावरून स्पष्ट होते. भयाचें सोंग टाकाऊ नव्हे. तें मनुष्यास हवेंच असतें, आणि उत्तम सोंग शेवटीं प्रेमास पात्र होतें. मात्र तें भय कोणाच्या खर्चानें उभें केलें आहे, हा हिशेब प्रेक्षकानेंही ठेवावयास हवा. ज्याचें भय वाटतें तो मृत्यु असेल, काळोख असेल, आपलेंच मन असेल, तर खुशाल किंकाळी फोडावी. पण तें एखाद्याचें आजारी शरीर असेल किंवा त्याची कातडी असेल, तर तो रस नव्हे. तो आपल्याच मनाचा ओंगळपणा होय. तिकिटाचे पैसे देऊन तो झांकला जात नाहीं.